न लागणारा रोग
आमचे हे सोलापुरात, मागाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ग्राइंडरवर होते. दिवसभर फिरत्या दगडावर ओतीव लोखंड घासायचं. घरी येऊन नाक शिंकरलं की काळं निघायचं. मालक संध्याकाळी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा, गुळानं म्हणे छाती साफ होते. पोटात गेलेला गूळ छातीत कुठल्या वाटेनं जातो, असं मी विचारलं, तर सासूबाईंनी मला शहाणी ठरवलं.

मग ह्यांना खोकला लागला. छातीच्या फोटोत डाग दिसले आणि डॉक्टरांनी टीबी सांगितला. थुंकी तपासली तर त्यात काही सापडलं नाही, तरी इंजेक्शनं सुरू झालीच. ह्यांचं ताट, तांब्या, अंथरूण वेगळं झालं. मुलगी अंगाखांद्यावर खेळण्याच्या वयाची. तिला आम्ही शिकवलं, बाबांजवळ जायचं नाही, समोर आले तर झग्यानं नाक झाकायचं. पुढं तिला माझ्या माहेरी करमाळ्याला धाडलं. ह्यांनीच धाडायला लावलं.

इंजेक्शनांनी काडीचा फरक पडेना. शेवटी पुण्याला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, काम काय करता? एवढं साधं कुणालाच सुचलं नव्हतं. हा टीबी नाही, लोखंडाची आणि दगडाची धूळ छातीत बसलीय, कुणाला लागत नाही, असं ते म्हणाले. औषध विचारलं तर नाही म्हणून मान हलवली. माझ्या अंगाची नुसती आग झाली. हे मात्र एसटीत बसल्यावर हसले. म्हणाले, "लागत न्हाय म्हणं. पोरीला आन की आता."

आणली. हे उशीला टेकून बसले होते, त्यांनी दोन्ही हात पुढं केले. पोर उंबऱ्यातच थबकली आणि तिनं झगा उचलून नाकावर धरला. मी ओरडले, हात ओढला, तशी ती रडायला लागली.

"नगं वरडू तिला," हे धापा टाकत म्हणाले. "आपनच शिकिवलंय."

पुढं ती रोज थोडी जवळ सरकायची, खाटेच्या पायाशी बसून गोष्ट ऐकायची, पण नाक झाकूनच. मला वाटायचं, होईल सवय. तेवढे दिवस ह्यांच्याकडं नव्हते. उन्हाळ्याच्या तोंडाला हे गेले. थोरल्या जाऊबाईंनी तिला पुढं घेतलं, बापाच्या तोंडात पाणी घाल म्हणाल्या. तिनं घातलं, एका हातानं. दुसरा नाकावर होता.