चौथा प्लग

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नव्हती. एकोणतीस वर्षं तिच्याबरोबर संसार केला, ती गेली, तरी तिला माहीत नव्हती. मुलांना माहीत नाही. चिखलीत मला ‘मिस्त्री’ म्हणून हाक मारणाऱ्या एकाही माणसाला माहीत नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल.

मी मोटारींचा मिस्त्री. देऊळगाव राजाहून चिखली, बुलढाणा करत मलकापूर स्टेशनला जाणारी एक मोटर सर्व्हिस होती, तिच्या गाड्या माझ्या हाताखाली. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीचे दिवस ते. इंजिन नुसतं ऐकून मी त्याची खोड सांगत असे. लोक मिस्त्रीच्या कानाचं कौतुक करत, आणि मला ते फार आवडे. सगळं त्या कौतुकामुळे झालं — असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण कौतुकाला कशाला दोष देऊ? कौतुक करणाऱ्यांनी थोडंच मला खोटं बोलायला सांगितलं होतं?

तुळशीराम आमचा ड्रायव्हर. अमडापूरचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. त्या काळात बरेच ड्रायव्हर टाकीतलं पेट्रोल काढून विकत आणि त्या जागी रॉकेल ओतत. तुळशीरामनं ते कधी केलं नाही. गाडी सुटायच्या आधी बोनेटवर हात ठेवून तो क्षणभर उभा राही. मी त्याला चिडवायचो, ‘काय रे, बैल आहे का तो, पाठ थोपटायला?’ तो हसायचा. मला तो आवडायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. मला तो खरंच आवडायचा.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. पान्हे, हातोडे, जॅक घासूनपुसून पाटावर मांडायचे आणि त्या दिवशी त्यांना काम सांगायचं नाही. मला हौस भारी. मी आदल्या दिवशीच तुळशीरामच्या गाडीचे चारही प्लग काढून, चकचकीत करून पाटावर ओळीनं ठेवायचो. तशी काहीच गरज नव्हती. पण सर्व्हिसचे मालक, आमचे शेठ, पूजेला आले की म्हणत, मिस्त्री, तुझ्यासारखा तूच. शेठ फार देवभोळे. त्या दिवशी काही फुटलं, सांडलं, तर वर्षभर मनात धरायचे.

दसऱ्याला सकाळी, गाडी सुटायच्या आधी मी प्लग परत बसवायला घेतले. तीन बसले. चौथा कुंकवानं आणि तेलानं बुळबुळीत झालेल्या बोटांतून सुटला आणि फरशीवर पडला. फार आवाजही झाला नाही. प्लग म्हणजे बोटाएवढी वस्तू — खाली लोखंड, वर पांढरी चिनी माती, आणि इंजिनात ठिणगी पाडणं एवढंच तिचं काम. उचलून पाहिला. धड दिसत होता. तरी मी त्या चिनी मातीवर काजळी चोळली आणि फडक्यानं पुसली. काजळी एका जागी पुसली गेली नाही. केसाएवढी काळी रेघ राहिली.

चीर होती. मी पाहिली होती.

नवा प्लग शेठच्या कपाटात होता, एकच, मुंबईहून पार्सलनं आलेला. मागायला गेलो असतो तर कपाळाला हात लावून शेठनी तो दिला असता. पण सांगावं लागलं असतं — दसऱ्याच्या दिवशी, पूजेतला प्लग, मिस्त्रीच्या हातून पडला. एवढंच. एवढंच तर सांगायचं होतं ना? मी प्लग बसवला. गाडी सुरू झाली, मी कान लावून ऐकलं. सपाटीवर तिला काही होणार नव्हतं. ‘बरी हाय ना गाडी, मिस्त्री?’ तुळशीरामनं विचारलं. मी मान हलवली. झेंडूचा हार घातलेली गाडी गेली.

परतताना ती मलकापूरहून सणाला घरी निघालेली माणसं घेऊन आली. राजूरच्या घाटात, चढावर, अवघड वळणाला इंजिन अडखळलं आणि बंद पडलं. ब्रेक जुने, गाडी गच्च भरलेली, ती मागं सरकायला लागली. एका अंगाला दरी होती. तुळशीरामनं स्टिअरिंग फिरवून तिला डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून तीसेक माणसं आज जिवंत आहेत. मागच्या बाकावर अमडापूरचीच एक माळीण बसली होती. गाडीचा मागचा भाग खडकावर चेपला, त्यात तिचा उजवा पाय गेला.

आता खरं सांगायचं ते पुढंच आहे. इथवरचं काय — हात चुकला, सणाचा दिवस, मन कच्चं पडलं. इथवर कुणी मला पदरात घेतलंही असतं.

दुसऱ्या दिवशी बैल लावून गाडी ओढत आणली. शेठ, दहा-पंधरा माणसं, सगळी अंगणात. शेठ म्हणाले, मिस्त्री, दोष शोध. आणि मी — मी शोधायला लागलो! एकेक प्लग काढला. वायर तशीच ठेवून प्लग इंजिनावर आडवा टेकवायचा, कुणीतरी हँडल मारायचं आणि टोकाला ठिणगी पडते का ते सगळ्यांनी पाहायचं. हँडल मारायला मी कुणाला सांगितलं असेल? तुळशीरामला. त्याच्या खांद्याला मार लागला होता, तरी तो आला.

पहिल्याला ठिणगी पडली. दुसऱ्याला, तिसऱ्यालाही. मग मी चौथा टेकवला. तुळशीरामनं हँडल मारलं आणि निळी, झकास ठिणगी पडली. लोकांनी पाहिली. तुळशीरामनं वाकून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

उघड्यावर ठिणगी पडणारच होती. हे त्या अंगणात एका माणसाला ठाऊक होतं. इंजिनाच्या पोटात हवा दाबली जाते, चढावर आणखी दाबली जाते, तिथं ठिणगीला जोर लागतो. चिनी मातीला चीर असली की ती टोकाकडं जायचं सोडून चिरेतूनच पळते. उघड्यावर धड दिसणारा प्लग घाटात दगा देतो. माझं अर्धं आयुष्य हे ओळखण्यात गेलं होतं. मी सगळ्यांना दाखवलं ते खोटं नव्हतं. म्हणून तर माझ्यावर कुणाला संशय आला नाही. मी पान्हा खाली ठेवला आणि म्हणालो, ‘प्लगात दोष नाही, शेठ. पेट्रोलातच काही असेल.’

रॉकेल हा शब्द मी उच्चारला नाही. तो दुसऱ्यांनी उच्चारला.

तुळशीरामची नोकरी त्याच दिवशी गेली. जिल्ह्यातल्या एकाही मोटरवाल्यानं त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही. तो जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची बंडी हाकायला लागला, दुसऱ्याच्या बैलांवर. मागून मोटार आली की बंडी रस्त्याखाली उतरवून उभा राहायचा. मी मोटारीत असलो तर हात वर करायचा.

मला वाटलं होतं, तो माझ्यावर चिडेल. भांडायला येईल, आणि त्या भांडणात माझ्या तोंडून निघून जाईल. तो पुढच्या दसऱ्याला संध्याकाळी आला. हातात आपट्याची पानं. सोनं दिलं, पाया पडला आणि म्हणाला, ‘मिस्त्री, लई इचार केला मी. मलकापूरले डब्यातून पेट्रोल भरलं तवा वास नाई घेतला म्या. घ्याले पाह्यजे होता. चूक माहीच हाय.’

तुम्हाला समजतंय ना? मी दोष दाखवला नाही, तर त्यानं स्वतःतून शोधून काढला. माझ्या शब्दावर त्याचा इतका विश्वास होता. आणि मी काय केलं? त्याला चहा दिला.

त्यानंतर तो दर दसऱ्याला आला, बारा वर्षं. दर बाजाराच्या दिवशी तो त्या माळणीचं भाजीचं टोपलं आपल्या बंडीतून चिखलीला आणायचा, तिला हात धरून उतरवून जागेवर बसवायचा, संध्याकाळी परत न्यायचा. जे मी करायचं, ते तो करत होता. मी दुरून पाहायचो आणि दुसऱ्या रस्त्यानं घरी जायचो.

यंदा तो आला नाही. छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. मीच अमडापूरला गेलो. एका खिशात आपट्याची पानं, दुसऱ्यात तो प्लग — होय, पुढं जुना झाला म्हणून मी शेठच्या कपाटातला नवा गाडीला बसवला, तेव्हापासून तो माझ्याकडेच होता. वाटभर मी वाक्य जुळवत गेलो. त्याच्या उशाशी बसलो. खिशात हात घातला. तेवढ्यात तो बोलला, थांबत थांबत.

‘मिस्त्री, तुमी तवा दोस्ती पाहून खोटं नाई बोलले. दुसरा असता तं मले वाचवाले काईबी सांगतलं असतं. म्या सगळ्याइले हेच सांगतो — मिस्त्री खोटं बोलत नाई.’

मी प्लग खिशातच सोडला आणि पानांच्या खिशात हात घातला. पानं काढून त्याच्या हातावर ठेवली. म्हणालो, सोन्यासारखा राहा. मग घरी आलो आणि जेवलो. दिवाळीनंतर आठ दिवसांत तो गेला.

मला पश्चात्ताप झाला म्हणू? मग बारा वर्षं तो कुठं होता? भ्यालो म्हणू? अंथरुणावरच्या माणसाला कोण भितं? मला मिस्त्री राहायचं होतं. त्याच्या डोळ्यांत मी जो होतो, तो मला शेवटपर्यंत हवा होता, आणि तो मी ठेवून घेतला.

ती माळीण अजून बाजारात बसते. तुळशीरामच्या रॉकेलानं आपला पाय गेला, असंच ती समजते. गेल्या बाजारी मी तिच्याकडून वांगी घेतली. तिचं टोपलं आता अमडापूरहून कोण आणतं, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.