ववर्त, ववृतिम आणि वेर्डन

साठ साल उजाडायच्या थोडं आधी मी यांच्यामागून बॉनला आले. हे विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते. मी पुण्याची संस्कृतची एम. ए., आणि इथे दिवसभर खोलीत एकटी. कंटाळून मी जुन्या जर्मॅनिक भाषांच्या वर्गात जाऊन बसू लागले. नुसती ऐकायला, मागच्या बाकावर.

एके दिवशी प्राध्यापकांनी फळ्यावर 'वेर्थानन' असं क्रियापद लिहिलं आणि आधी तारा काढला. म्हणजे हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तर्काने उभं केलेलं. अर्थ 'होणे', त्याच्याही मागे 'वळणे'. आजचं जर्मन 'वेर्डन' त्यातूनच आलं. खाली जुन्या इंग्रजीतली भूतकाळाची रूपं लिहिली : एकवचनी 'वेअर्थ', अनेकवचनी 'वुर्डोन'.

"एकात थ, दुसऱ्यात ड. असं का?" त्यांनी विचारलं.

"मूळ भाषेत आघात एकात त्या व्यंजनाआधी होता, दुसऱ्यात नंतर," एका विद्यार्थ्याने पाठ केलेलं सांगितलं.

"तो आघात तर जर्मॅनिक भाषांतून केव्हाच पुसला गेला. मग कळलं कशावरून?"

"संस्कृतवरून."

"तुमच्यापैकी कुणी ऐकलाय तो?"

माझा हात आपोआप वर गेला. "मी म्हणून दाखवू?"

मुलींनी वेद म्हणू नयेत, ही आत्याची कुरकुर चालू असतानाही वडिलांनी मला लहानपणी ऋचा स्वरांसकट शिकवल्या होत्या. फळ्यापाशी जाऊन मी त्याच क्रियापदाच्या संस्कृत भावाचं, 'वृत्' धातूचं, भूतकाळी एकवचन म्हटलं, 'ववर्त'. उदात्त, म्हणजे उंच स्वर, दुसऱ्या 'व'वर, तकाराच्या आधी. मग अनेकवचन, 'ववृतिम'. उदात्त अगदी शेवटी, तकाराच्या नंतर. प्राध्यापक म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा म्हटलं, या वेळी मोकळ्या गळ्याने.

आणि अख्खा वर्ग मुठींनी बाकं ठोकू लागला! माझं काहीतरी चुकलं, असं वाटून मी गोरीमोरी झाले. पुढच्या बाकावरची मुलगी हसली. "इथे टाळ्या अशाच वाजवतात."

"तुमच्या भाषेत हा धातू अजून आहे?" प्राध्यापकांनी विचारलं.

"वर्तन, परिवर्तन, वाटोळं," मी म्हणाले आणि दोन्ही तळहातांमध्ये वात वळून दाखवली. "ही वातसुद्धा."

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. "पुढच्या सेमिस्टरला पाहुणी म्हणून येऊ नका. रीतसर नाव घाला. डॉक्टरेटचा प्रबंध माझ्याकडे करा."

मी जवळजवळ धावतच घरी आले. हे स्टोव्हपाशी बटाटे सोलत होते.

"अहो, मी डॉक्टर होणार!"

"काय? कुठे दुखतंय?" 'डॉक्टर' एवढाच शब्द ऐकून हे घाबरून म्हणाले.

"इश वेर्डं डॉक्टोर!" मी ओरडले, आणि मग यांना कळलं.