शाफ्टच्या तोंडावर लोखंड

बायको गेल्यावर मुलाने मला मालवणहून जयपूरला आणलं. जवाहर नगरात, चौथ्या मजल्यावर. चाळीस वर्षं मी मच्छीमारांच्या ट्रॉलरची इंजिनं खोलली. इथे माझ्या हाती टीव्हीचा रिमोट. एकट्याने खाली उतरायचं नाही, भाजीलाही सूनबाईबरोबर जायचं. लिफ्टला माझ्यापेक्षा जास्त मोकळीक होती. मला गावी परत जायचं होतं आणि मुलगा म्हणायचा, तिथे एकटे राहाल कसे? यावरून आमची रोज जुंपायची.

मुलाच्या एका मित्राची शहराबाहेरच्या तलावावर पर्यटकांना फिरवणारी बोट होती. सुरू केली की सगळी थरथरायची. मी घरबसल्या सांगितलं, पंखा फिरवणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग झिजलंय. मग मुलाला म्हटलं, हे काम एकट्याने करून दाखवलं तर गावी सोडशील? तो हो म्हणाला.

रविवारी बोट काठावर ओढून ठेवली होती. मुलगा हाताची घडी घालून उभा. तासाभरात मी सुकाणू काढलं, पंखा उतरवला, बोटीच्या पोटात शिरून शाफ्टला इंजिनाशी जोडणारं कपलिंग सोडवलं. अंगात वीस वर्षांपूर्वीची रग आली होती. आता शाफ्ट आतून ठोकून मागच्या नळीतून बाहेर काढायचा, एवढंच राहिलं. पण तो बेअरिंगमध्ये असा चावून बसला होता की हलेना.

शाफ्टच्या तोंडावर कधी लोखंड मारायचं नाही, मध्ये लाकूड धरायचं. हे मी कितीतरी पोरांना शिव्या घालून शिकवलंय. पण लाकडाचा ठोकळा बाहेर वाळूत राहिला होता. तो आणायचा तर या अरुंद जागेतून गुडघे वाकवत वर चढायला हवं, किंवा मुलाला हाक मारायला हवी. हाक मारली की एकट्याने कसलं आलंय? मी हातोडा उचलला आणि थेट मारला. चांगले सात-आठ घाव घातले.

शाफ्ट वीतभर सरकला आणि अडकला. घावांनी त्याचं तोंड पसरलं होतं, ते नळीत जाईना. ना पुढे, ना मागे. शिकाऊ पोराने केलं असतं तर त्याला मी हाकलून दिलं असतं.

आता तोंड कानशीने घासून बारीक करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी पालथा पडून घासायला लागलो. पंधरा मिनिटांत हातातली ताकद संपली. कानस दोनदा निसटली आणि बोटाची सालटी निघाली. उठावं म्हटलं तर उठताही येईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगा आत उतरला. आयुष्यात त्याने कधी हत्याराला हात लावला नव्हता. त्याने माझ्या हातातली कानस काढून घेतली आणि मी सांगेन तसा घासत राहिला. दीड तासाने शाफ्ट सुटला. घाम पुसून त्याने मला विचारलं, त्यात टोमणा नव्हता.

“बाबा, थंय गावात तुमच्या हातातली कानस कोणी घेतली असती?”

“कोणी नाय,” मी म्हटलं.

मला त्याचा राग आला असता, तर भांडून त्याच रात्री गावची गाडी धरली असती. पण तो माझ्या काखेत हात घालून मला बोटीतून वर काढत होता.