डोहातल्या नथवाल्या

तापीला मिळणाऱ्या एका लहान नदीवर, डोईफोडिया गावाच्या रस्त्याने जंगलाकडे वळलं की, एक खोल डोह लागतो. उन्हाळ्यात नदी आटते, नुसते गोटे उरतात, पण या डोहाचं पाणी आटत नाही. आसपासचे सगळे महाशीर मासे पावसाळ्यापर्यंत तिथे येऊन थांबतात. या डोहातले मासे गावच्या भोयांनी चोरून मारून संपवले, असं सरकारी कागदात लिहिलेलं आहे. ते वाक्य माझं आहे. ते खोटं आहे, हे लिहिताना मला माहीत होतं.

मी तेव्हा मत्स्य विभागात होतो. डोहात मासे किती आहेत हे शोधायचं काम माझ्याकडे होतं. पाण्यातले मासे मोजता येत नाहीत, म्हणून काही मासे पकडून त्यांना खूण करतात आणि सोडून देतात. नंतर बाजारात आलेल्या माशांत खुणेचे किती निघतात ते बघतात. पुष्कळ निघाले तर डोहात मासे थोडे. क्वचितच निघाला तर डोह भरलेला. मी वरच्या जबड्यात पातळ तारेची कडी घालत असे. कडीला नंबर कोरलेली छोटी चकती आणि ओळखायला एक लाल मणी. लहान माशांच्या तोंडात कडी बसत नाही, म्हणून सगळ्या कड्या मोठ्या माशांना घातल्या. महाशीरमध्ये मोठ्या असतात त्या बहुतेक माद्या. त्या वेळी मला यात काही अडचण दिसली नाही.

नाव वल्हवायला गावातले एक वयस्क भोई होते. मी कडी घालायचो तेव्हा ते दोन्ही हातांनी मासा धरून ठेवायचे आणि पाण्यात सोडताना हात कपाळाला लावायचे. मला वाटलं, त्यांची सवय असेल.

डोहातला माल शहरातल्या शनवाऱ्याच्या बाजारात यायचा. मी सकाळी तिथे बसून एकेका माशाचं तोंड उघडून बघायचो. विकणाऱ्या बायका हसायच्या.

"काय साहेब, दात मोजता का?"

"सून पसंत करून राहिले. तोंड बघूनच घेतील."

कडी आणून देणाऱ्याला बक्षीस ठेवलं होतं. अख्ख्या हंगामात दोनच कड्या आल्या, त्याही नदीच्या खालच्या अंगाच्या दुसऱ्या गावातून. मी हिशेब मांडला. आकडा एवढा मोठा निघाला की मीच खूश झालो. अहवाल वर गेला, वाखाणला गेला, आणि डोह ठेक्याने द्यायची तयारी सुरू झाली.

ठेका व्हायच्या आधी मी एकदा सहज डोहावर गेलो. नाव वल्हवणाऱ्या त्या वयस्क भोयांनी माझ्यासमोर जाळं फेकलं. वर आलं त्यात चार-पाच मासे होते आणि एकीच्या तोंडात माझी कडी होती. त्यांनी तिला हलकेच सोडवलं, कपाळाला हात लावला आणि पाण्यात सोडून दिलं.

"हे काय केलं?" मी विचारलं.

"नथवाली शे साहेब. तिले कोन मारी?"

"कसली नथ?" मी विचारलं.

"नथ तुम्हीच घाली ना? देवीच्या मासोळीले नथ घालतस. आम्हाले वाटनं, साहेब भक्त मानूस शे. म्हनून गावात सांगी दिधं, नथवाली जाळ्यात ऊनी तं सोडी द्या."

तारेची कडी, लाल मणी. मी इतके दिवस ती बघत होतो आणि मला ती नथ दिसली नव्हती. खुणेचे मासे बाजारात येत नव्हते ते डोह भरलेला होता म्हणून नाही. माझा आकडा पार चुकला होता. एक पत्र लिहून ठेका थांबवता आला असता. मी लिहिलं नाही. त्या आकड्यावर मला भोपाळला बोलायला बोलावलं होतं.

ठेकेदाराने दोन उन्हाळे बारीक जाळी लावली. जाळी ओढायला गावचेच लोक होते. ते नथवाल्या आधी वेचून पाण्यात सोडायचे, उरलेलं सगळं टोपल्यांत जायचं. मग मासा मिळेना. वरून कारण विचारलं गेलं तेव्हा मी लिहिलं, स्थानिकांची अवैध मासेमारी. गावाचा डोहावरचा हक्क गेला. त्या वयस्क भोयांची जाळी जप्त झाली. बाजारात त्यांना लोक चोर म्हणू लागले, आणि ते चोर म्हणूनच वारले.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी एकटाच तिथे गेलो होतो. भर दुपार होती. पाणी काचेसारखं नितळ होतं, तळाचे दगड दिसत होते. आधी काहीच हललं नाही. मग कातळाच्या सावलीतून एक मासा आला, त्याच्या मागे दुसरा, मग सगळे. प्रत्येकाच्या तोंडात कडी. बिनकडीचा एकही नाही. एक पिल्लूसुद्धा नाही. नर कधीच टोपल्यांतून गेले होते. त्या सगळ्या माझ्याकडे तोंड करून पाण्यात थांबल्या. मी काठाने चाललो तर त्याही सरकल्या. मी रिकाम्या नावेत बसलो. फळीतून बारीक आवाज येत होता, टिक, टिक, थांबून परत टिक. कान लावला तेव्हा कळलं. मासोळ्या तळाच्या दगडांवरचं शेवाळ खात होत्या आणि माझ्या चकत्या दगडांना लागत होत्या. मी उतरलो आणि नंतर कित्येक वर्षं तिकडे फिरकलो नाही.

या वर्षी एक तरुण संशोधक बाई माझ्या घरी आली. गावाने डोहाचा हक्क परत मागितला आहे आणि सरकारने तिचा अभिप्राय मागवला आहे. तिच्यापाशी जुना पुरावा एकच होता, माझा अहवाल.

"सर, यात तर गाववालेच दोषी दिसतात," ती म्हणाली. "तसंच लिहू ना?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "हे लिहून द्याल? आणि एकदा डोहावर चला."

काठावर त्या वारलेल्या भोयांची सून धुणं धूत होती. तिने मला ओळखलं.

"इतक्या साल बाद रस्ता याद आला का साहेब?"

मी कबुली घरून लिहून आणली होती, भोपाळला पाठवायची म्हणून सरकारी हिंदीत. सून म्हणाली, "मले वाचता येत नई. वाचा." मी वाचलं, "आकलन में त्रुटि रह गई थी।"

"रह गई? कोनी ठेवली? मासोळींनी?"

संशोधक बाईने मान खाली घातली. मी पेन काढलं, ती ओळ खोडली आणि तिथेच दगडावर बसून नवीन लिहिली. मुझे मालूम था. गाँववालों ने मछली नहीं मारी. मैंने झूठ लिखा.

मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा पाण्यात हालचाल झाली. नथवाल्या आता थोड्याच उरल्यात. खूप मोठ्या, अंगावर जाळ्यांचे जुने वळ, कडी जबड्याच्या मांसात रुतून गेलेली, मण्यांचा रंग उडालेला. काठापासून हातभर अंतरावर येऊन त्या ओळीने थांबल्या. मी वाचायचं थांबलो तरी हलल्या नाहीत. संशोधक बाई दोन पावलं मागे सरली.

"एक पकडून नंबर बघायचा का, सर?" तिने हळूच विचारलं. "पुरावा होईल."

"हात लावू नका," सून म्हणाली. तिने पिळलेलं धुणं टोपलीत भरलं, टोपली डोक्यावर घेतली आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"इथं वाचून काय होईल साहेब? यांना तं पैलेपासून मालूम शे. गावात चला. देवळासमोर लोक बसेल असतील, तिथं वाचा. सासऱ्याचं नाव घेऊन वाचा."

ती पुढे चालू लागली. मी कागद घडी न करता तसाच हातात धरला आणि तिच्या मागोमाग गावाकडे निघालो.