दाजींची उजवी बाजू

कोट घालावा तर आमच्या दाजींनीच. बाकीचे आपण सगळे कोटात नुसते भाड्याने राहतो. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून कौतुक करतोय असं म्हणा हवं तर, पण खोटं नाही. फौजेतून निवृत्त होऊन दाजी नव्वदच्या दशकात दुबईला आले आणि एका बड्या अरब व्यापाऱ्याचे अंगरक्षक झाले. मेजवान्यांना पाहुण्यांसारखं नटून जायचं, कोटाखाली उजव्या कमरेला परवान्याचं पिस्तूल, आणि ते कुणाला दिसता कामा नये. दिसलं तर पाहुणे बिचकणार आणि नोकरी जाणार. इतक्या वर्षांत ते कुणालाही दिसलं नाही. मलाही नाही, आणि मी तर मुद्दाम बघायचो.

यामागे तपश्चर्या होती. दुबईच्या देरा भागातल्या शिंप्याकडे नवा कोट घालून दाजी आरशात बघत नसत. खुर्चीत बसत, वाकून किल्ल्या उचलत, वरच्या फळीवरचं कापडाचं ठाण काढत आणि मग म्हणत, "मास्टरजी, राइट साइड थोडा ढीला. अस्तर डबल." शिंपी विचारी, "साहब, शादी है?" "नहीं, ड्युटी." पँट कमरेला एक माप मोठी, पट्टा जाड, होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, असं कडक की ट्रिगर पुरता झाकलेला. "टोचलं की हात आपोआप तिकडं जातो, आणि हात गेला की जग बघतं," दाजी सांगत. "आणि ट्रिगर उघडा राहिला, तर बघायला आपण उरत नाही."

पिस्तूल रोज मालकांच्या बंगल्यावर जमा होई. पण सवय मोडू नये म्हणून दाजी घरी होल्स्टरमध्ये ताईच्या खलबत्त्यातला बत्ता खोचून हिंडत. चारचौघांत ताई स्वयंपाकघरातून ओरडे, "अहो, वेलदोडे कुटायचेत, कंबर मोकळी करा!" उजवीकडे ते कुणाला फिरकू देत नसत. मिठी मारायची तर डावीकडून, तीही अर्धी. त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, असल्या अर्ध्या मिठ्यांवरच वाढली. मी चुकून दाजींच्या उजवीकडे गेलो की मलाच बजावी, "मामा, लेफ्ट साइड ओन्ली!" तिचं लग्न ठरलं तेव्हा ताई मला हळूच म्हणाली, "पोरीला ह्यांनी कधी पोटाशी घट्ट धरलं नाही रे. आता निघाली ती."

लग्न दुबईतच होतं. मालक येणार म्हणजे ड्युटी आलीच, अशा समजुतीनं दाजी सकाळी पिस्तूल घ्यायला बंगल्यावर हजर. मालकांनी कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "हबीबी, आज ड्युटी खलास. आज तुम सिर्फ बाप."

ताईनं बत्ताही लपवून ठेवला होता. तरी दाजी दिवसभर उजवं कोपर कमरेला चिकटवून उभे. फोटोवाला "अंकल, हाथ छोडिए" म्हणून थकला. पाठवणीची वेळ आली, आणि भाची नेहमीसारखी डावीकडून आली, अर्धीच टेकली. दाजींनी तिला खांद्याला धरून समोर आणलं.

"अशी ये. आज काही नाही तिथं."

"पप्पा, आर यू शुअर?" तिनं रडत विचारलं.

दाजींनी मान हलवली आणि तिला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. मला त्यांचा अभिमान कायमच होता, पण त्या दिवशी तो डोळ्यांत आला. कोटाला एक सुरकुती पडली तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस. उजवी बाजू पार चुरगळली, भिजली, तरी त्यांनी कोटाकडे बघितलंसुद्धा नाही.