निर्व्यसनी गयामावशी

गयामावशी भाकरी थापायला ओट्याशी उभी राहिली की आधी एक काम करायची. पुढं वाकून छातीचा सगळा भार ओट्याच्या कडेवर टेकवायची आणि लांब श्वास सोडायची. "थांब गं, वझं खाली ठिवू दे," असं शेजारी जी मुलगी असेल तिला सांगायची, आणि मगच पिठाला हात लावायची.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सोळा वर्षांची होते. खेड्यातून अकरावीसाठी अहमदपूरला मुलींच्या वसतिगृहात आले होते. लाजून मी मान खाली घातली. तिनं ते हेरलं. "काय बघून राहिलीस? तुझ्या मायला हाय तेच मला हाय. देणाऱ्यानं मापच मोठं घेतलं, मी काय करू?" चाळीस मुलींचा स्वयंपाक करणारी ती बाई स्वतःच्या देहावर दुसऱ्या कुणाला विनोद करू देत नसे. तो हक्क तिनं स्वतःकडं ठेवला होता.

बारावीनंतर माझ्यासाठी स्थळ घेऊन वडील वसतिगृहात आले, तेव्हा तिनं त्यांना स्वयंपाकघरातच बसवलं, गरम भाकरी वाढली आणि म्हणाली, "दादा, पोरगी बीए होऊ द्या. नवरे काय संपून चाललेत का?" वडील जेवले आणि एकटेच परत गेले. आमच्या घरातली पहिली पदवी माझ्या नावावर लागली ती अशी. पुढं त्याच गावात शाळेत शिक्षिका म्हणून लागले, तरी आठवड्यातून दोनदा तिच्याकडं जात राहिले. नवरा तिला सोडून गेला होता. मुलगा पुण्यात होता.

तिचे खांदे मी नोकरी लागल्यावर नीट पाहिले. आतल्या चोळीच्या पट्ट्यांनी दोन्हीकडं खोल चर पडले होते, बोट आडवं ठेवलं तर बसेल एवढे. बाजारातली कुठलीच चोळी तिला होत नसे. मागच्या गल्लीतल्या शमीमभाभी गादीच्या जाड कापडाचे रुंद पट्टे लावून तिला शिवून द्यायच्या. मान आखडायची, सकाळी हाताला मुंग्या यायच्या. "जिंदगीभर दोन लेकरं कडंवर घेऊन चालले मी, मोठीच होईनात," एवढंच ती म्हणायची.

मग तो दुष्काळ आला. बोअर आटलं, आठवड्यानं टँकर येऊ लागला. टँकरचं पाणी घागरींनी वरच्या टाकीत चढवायचं काम मावशीवर आलं. सगळं पाणी मुलींना. तिच्या अंघोळीला तांब्याभर उरायचं. स्तनांखालच्या घडीत घाम साचून कातडी सोलवटली, मग चिघळली. हळद झाली, पावडर झाली, मलम झालं. एका दुपारी मी गेले तर ती घडीत ओलं फडकं धरून भिंतीशी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच पाहिलं.

मीच तिला सांगितलं की, स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया असते. मला मासिकातून कळलं होतं. तिनं फडकं पिळून दोरीवर टाकलं. मग म्हणाली, "आणि हे मला आज सांगून राहिलीस?"

मुलगा फोनवर चिडला. या वयात कशाला हे सोंग, लोक काय म्हणतील. मावशी शांतपणे म्हणाली, "लोकांनी एक दिस उचलून बघावं."

नांदेडला एका दवाखान्यात आम्ही गेलो. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, हे मी सांगितलंच पाहिजे. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. चीर कुठून जाईल, स्तनाची बोंडी वर कशी सरकवतात. व्रण आयुष्यभर राहतील, बोंडीची संवेदना कमी होईल किंवा जाईल, दोन्ही बाजू अगदी सारख्या होतीलच असं नाही. आधी गाठ वगैरे नाही ना, याची तपासणी. सहा आठवडे वजन उचलायचं नाही.

"मग पाणी कोण भरंल?" मावशीनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, जणू मी भरणार होते.

"बिडी-सिगारेट ओढता का, मावशी?"

"आता तेवढंच ऱ्हायलं व्हतं," मावशी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

बाहेर नर्सनं मला फॉर्म दिला. शिकलेलं माणूस सोबत असलं की फॉर्म त्यालाच देतात. नाव, वय, साखर, रक्तदाब. त्याखाली प्रश्न होता: तंबाखूचं कोणत्याही स्वरूपात सेवन? मावशी शेजारच्या बाकावर बसून पाय चोळत होती. मी तिला विचारलं नाही. मी लिहिलं, 'नाही', आणि पुढच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात, 'निर्व्यसनी'.

मावशी मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि दिवसातून चार वेळा दातांवर फिरवायची. आमच्याकडं मशेरीला कुणी व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. मला मशेरी आठवलीच नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं असं आहे की आठवली होती. पेन क्षणभर थांबलंही होतं. पण आमच्या वस्तीत निर्व्यसनी म्हणजे सुधारलेलं माणूस. बापजाद्यांनी धर्म बदलला, व्यसनं सोडली, तेव्हापासूनचा तो मान. ज्या बाईमुळं मी शिकले, तिच्या नावापुढं नांदेडच्या डॉक्टरांसमोर तंबाखू लिहायला माझा हात वळला नाही.

शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी मावशी उठून बसली आणि खांदे वर-खाली करून म्हणाली, "अगं, मान हलकी झाली." मग तोंड बेचव लागतंय म्हणाली. मी पिशवीतून मशेरीची डबी काढून दिली. आठवणीनं घरून आणली होती.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी डावी बोंडी काळसर दिसली. तेव्हा नवा जिल्हा होणार अशी हवा होती, आणि जिल्ह्याचं ठिकाण आमचंच गाव व्हावं म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते. एसटी बंद, चौकात टायर जळत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नांदेडला पोचलो. वाटभर मी त्या आंदोलनाला शिव्या देत होते.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, जखमेचा वास आला. त्यांनी मावशीच्या हिरड्यांकडं पाहिलं.

"मशेरी लावता?"

"हाव. लगीन झालं तवापासून."

"रस्त्यामुळं एक दिवस गेला, पण हे त्यानं झालेलं नाही," त्या मला म्हणाल्या. "तंबाखूनं नसा आकसतात. कापलेल्या जागी रक्त पोचत नाही. मला कळलं असतं तर महिनाभर आधी बंद करायला लावली असती. नाहीतर हात लावला नसता." त्यांनी फाइल उघडली, पान माझ्याकडं फिरवलं. "हे कुणी लिहिलं?"

डावी बोंडी गेली. खालची चीर उसवली, ती भरायला चार महिने लागले. टाकीत पाणी चढवायला मी तीन दिवस गेले. मग शाळेच्या परीक्षा सुरू झाल्या. वसतिगृहानं दुसरी बाई ठेवली ती कायमचीच.

मी तिला सगळं सांगितलं. रडलेही. ती पट्टी बदलत होती, थांबली नाही.

"मला इचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. मी कवा लपवून लावली का? चारचौघींत बसून लावते." मग पट्टीची गाठ मारत, "तुला माझी लाज वाटली."

"मावशी, तसं नाही..."

"तसंच हाय. असू दे."

त्या 'असू दे'मध्ये माफी नव्हती. मी तेव्हाही ती शोधली, आताही शोधते.

पुढं दोन वर्षांनी ती मुलाकडं पुण्याला जायला निघाली. त्याच आठवड्यात कंधारहून तिच्या बहिणीची मुलगी आली. चोवीस वर्षांची, तसाच देह, तसेच खांदे. तिलाही शस्त्रक्रिया करायची होती. मावशीनं दार लोटलं आणि माझ्यासमोरच पोलकं सोडून तिला सगळं दाखवलं. उजवीकडचा जहाजाच्या नांगरासारखा व्रण, डावीकडची गुळगुळीत आकसलेली जागा.

"नीट बघ. पाठ सुटली, मान सुटली, रातीला कुशीवर निजता येतं. ते खोटं न्हाई. पण तुझं लगीन व्हायचंय. लेकराला दूध पुरंल का न्हाई ते आधी इचार. वझं उचलायला दुसरं माणूस हाय का ते बघ, नुसतं मान हलवणारं नगं. आणि गुल, मशेरी, जे काय लावत असशील ते आजच बंद कर."

"बरं, मावशी," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "मॅडम, तुम्ही याल का सोबत? मला ते फॉर्म जमत नाहीत."

मी तोंड उघडण्याआधी मावशी पोलक्याची हुकं लावत म्हणाली, "बाईला नगं नेऊ. नर्सला म्हणावं, मोठ्यानं वाच, मी सांगते, तू लिही. आपल्यावर माया करणारं माणूस आपल्याला चांगलं करून लिहितं."

पोरगी हसली. मावशी हसली नाही. मी चपला घातल्या आणि शाळेची वेळ झाली म्हणाले. तो रविवार होता.