डाव्या बाजूचे सतरा गोल

आठ वर्षांपूर्वीचा, उगादीनंतरचा दुसरा रविवार. वेळ दुपारी साडेचार. आकडा एकतीस. हजर – कमिटीचे नऊ जण, गुंडप्पा मास्तर आणि मी. दाराबाहेर मोटारसायकलीला टेकून नरसिंग उभा होता, त्याला धरलं तर बारा. एवढं मला चोख आठवतं. वाचनालयाच्या ओसरीवर मी जे बोललो, ते मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. मुलाला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय – का, ते मलाही नीट माहीत नाही.

आकडा रुपयांचा नव्हे, गोलांचा. आमच्या तालुक्याच्या फुटबॉल संघाने त्या मोसमात खाल्लेले गोल.

माझा उदगीर रस्त्याला वजनकाटा आहे. ऊस, तूर, सोयाबीन, वाळू, भंगार – चाकांवर जे येतं ते मी तोलतो. इतक्या वर्षांत एकाही गाडीचं वजन मी दहा किलोनेसुद्धा इकडचं तिकडे केलेलं नाही. ही बढाई नाही. पुढचं कळायचं तर हे माहीत असायला हवं. विकणारा आणि घेणारा एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, पण माझ्या आकड्यावर दोघंही ठेवतात. गावात मला नावाने हाक मारणारे थोडे. सगळे 'काटेवाले' म्हणतात.

फुटबॉल मी कधी खेळलो नाही. पाहत आलो. शाळेमागचं लाल मुरमाचं मैदान, पश्चिमेला दोन बाभळी, त्यांच्या सावलीत एक आडवा दगड – तो माझा. संध्याकाळी पाचच्या पुढे त्या मैदानावर ऊन असं तिरपं यायचं की उडालेली धूळ खाली बसायचं विसरून जायची. त्या लालसर धुरळ्यात पोरं अर्धी दिसायची, अर्धी नाही. चेंडू मात्र दिसायचा. कधी कधी मला वाटायचं, चेंडू हवेत थांबलाय आणि मैदानच त्याच्याखालून सरकतंय. तीन भाषांत ओरडा चाललेला असायचा – मराठीत शिव्या, कन्नडात सल्ले, दखनीत थट्टा. मी ओरडत नसे. दोनशे पानी वहीत लिहीत असे. गोल कितव्या मिनिटाला झाला, कुठल्या बाजूने आला, चूक कुणाची. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. तोलायची सवय.

संघ चालवायचे ते गुंडप्पा मास्तर, निवृत्त पीटी शिक्षक. सगळे त्यांना अप्पा म्हणत. मूळचे कोहिनूर गावचे, शेती तिकडे, स्वतः इथे एका खोलीत. संघ निवडायचे तेच, सराव घ्यायचे तेच, फाटलेला चेंडू शिवून आणायचे तेही तेच. आणि माझं – खरं सांगायचं तर आम्हा सगळ्या दगडांवर बसणाऱ्यांचं – त्यांच्याशी जमत नव्हतं. त्या मोसमात चौदा सामने, जिंकले दोन, बरोबरीत तीन, हरले नऊ. सराव आठवड्यातून दोनदाच. कॉर्नरचा सराव शून्य. आणि बदली खेळाडू? सरासरी अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला. म्हणजे सामना हातातून गेल्यावर. सरासरी मी काढली होती, ती चुकलेली नाही.

"अप्पा, बदली करा की. घड्याळ बंद पडलंय का?" दगडांवरून कुणीतरी विचारायचं.

अप्पा मागे न बघता म्हणायचे, "घड्याळ चालू हाय. तुमचं तोंडच बंद व्हईना झालंय."

लोक हसायचे. मी हसायचो नाही. मला तो माणूस जावा असं वाटत होतं. वाईट म्हणून नव्हे – चांगला होता, म्हणूनच त्याला कुणी हलवत नव्हतं. हा राग कधी केलाय तुम्ही? ज्याच्याविरुद्ध बोट दाखवायला जागा नाही, त्याचा?

लोकांचा सगळा राग नरसिंगवर होता. नरसिंग आमचा गोलकीपर. जवळच्या मेहकर गावचा, बावीस वर्षांचा, लाकडाच्या अड्ड्यावर कामाला. काम उरकून धुरळ्याने माखलेला यायचा आणि गोलपोस्टच्या मधोमध असा उभा राहायचा की जणू घरी आलाय. अप्पांचा एक नियम होता – मोसम सुरू झाला की कीपर बदलायचा नाही. "कीपरला शंका आली की संपलं," म्हणायचे. त्याचं नाव ते जिल्ह्याच्या निवडीला पाठवणार होते. तिथे निवड झाली तर पुढे खेळाच्या कोट्यातून नोकरीची आशा होती. त्यासाठी कमिटीची सही लागायची. आणि ज्याने एकतीस गोल खाल्ले, त्याच्या नावावर सही कशी करायची, असं कमिटी म्हणत होती.

म्हणून ती बैठक. दोन प्रश्न होते – अप्पा राहणार का, आणि नरसिंगचं नाव जाणार का. अप्पांचं म्हणणं एकच, गोल कीपरच्या चुकीने झालेले नाहीत. हे खरं की खोटं, ते ठरवायला मला बोलावलं होतं. वहीसकट.

आता जे सांगायचं ते इथून पुढे अवघड आहे. मी जरा आधीपासून येतो.

आदल्या दिवशी, शनिवारी, उसाच्या दोन ट्रकांच्या मधल्या वेळात मी केबिनमध्ये वही उघडली. तोवर मी एकेक सामना लिहिला होता, बाजूवार बेरीज कधी केली नव्हती. बाहेर ऊन रस्त्यावर पाण्यासारखं हलत होतं. बेरीज केली. कीपरच्या चुकीने – सहा. उजवीकडून आणि इतर – आठ. डाव्या बाजूने, बचाव फुटून – सतरा.

आमच्या संघात डाव्या बाजूचा बचावपटू माझा मुलगा होता. प्रकाश.

मी बेरीज तीनदा केली. वरून खाली, खालून वर, मग सामन्यांवरून पुन्हा. सतराच. तुम्ही विचाराल, चौदा सामने डोळ्यांनी पाहिले, तेव्हा नाही का कळलं? कळलं असणार. प्रत्येक गोल मीच लिहिला होता ना – डावी, डावी, डावी. पण एकेक गोल आणि सतरा गोल या वेगळ्या गोष्टी आहेत. काट्यावर गाडी चढते तेव्हा आकडे थरथरत असतात, पुढे मागे होतात, आणि मग एकदम थांबतात. थांबेपर्यंत माणूस दुसरं काहीही समजू शकतो.

प्रकाश तेव्हा एकोणीस वर्षांचा. अबोल. चेंडू अंगावर आला की क्षणभर डोळे मिटायचा. हे मला घरातूनच माहीत होतं. लहानपणी त्याच्याकडे काहीही फेकलं, किल्ल्यांचा जुडगासुद्धा, तरी तो तसंच करायचा.

रविवारी वाचनालयाच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती. अप्पांसाठी लोखंडी खुर्ची. बस्वराज म्हणून कमिटीत कंत्राटं घेणारा एक गुत्तेदार होता, अप्पांच्या जागेवर त्याचा डोळा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो म्हणाला, "काटेवाले, तुमी सांगा. तुमी म्हणलं की इषय संपला. ह्या गावात देवाच्या पाया पडून बी लोक खोटं बोलतेत, तुमच्या काट्यावर बोलत न्हाईत."

थोडे हसले. मी वही उघडली. पान समोर होतं, अक्षर माझं होतं, आकडे स्वच्छ होते. मी काही ठरवून आलो नव्हतो – हे मी आजवर स्वतःला सांगत आलोय, आणि ते खरं आहे का मला माहीत नाही. ओसरीच्या कौलांतून उन्हाचे कवडसे सतरंजीवर पडले होते. त्यातला एक माझ्या पानावर होता. मला त्या क्षणी फार हलकं वाटत होतं, झोपेत चालताना वाटत असेल तसं.

मी वाचलं, "एकूण एकतीस. कीपरच्या चुकीनं सतरा. डावीकडून सहा. उजवीकडून आणि बाकीचे आठ."

फक्त दोन आकड्यांची जागा बदलली. बेरीज एकतीसच आली. तिथल्या दोघांनी बोटांवर करूनही पाहिली – सतरा, सहा, आठ, एकतीस. बरोबर. बेरीज बरोबर आली की लोक वही बघायला मागत नाहीत. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझ्या धंद्यात मी ते इतकी वर्षं बघत आलो होतो.

बाहेरून नरसिंगने एवढंच विचारलं, "सतरा?"

"मग काय तू मोजणार व्हय?" बस्वराज म्हणाला. "मोजणाऱ्यानं मोजलंय."

अप्पांनी हात पुढे केला. वही मागण्यासाठी, असं मला वाटलं. पण हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"डाव्या बाजूनं किती म्हणलाव?"

"सहा."

"सहा," ते म्हणाले. मग, "बरं."

बस, इतकंच. मैदानावर दर सामन्यात डाव्या बाजूला काय होत होतं, ते माझ्यापेक्षा जवळून पाहणारा माणूस होता तो. एका वाक्यात मला उघडा पाडू शकला असता. त्यांनी खिशातून खेळाच्या सामानाच्या स्टोअरची किल्ली काढून सतरंजीवर ठेवली, कमिटीला नमस्कार केला आणि चप्पल पायात सरकवली. बाहेर नरसिंगची मोटारसायकल तिसऱ्या किकला सुरू झाली. त्याचं नाव जिल्ह्याला गेलं नाही. जूनमध्ये तो हैदराबादला गेला.

प्रकाशसाठी केलं, असं म्हणण्याची सोय मला आहे. ती सोय मी घेत नाही. त्या दिवशी मला प्रकाशची लाज वाटत होती, त्याच्यावर माया आली नव्हती. आणि अप्पा जावेत असंही वाटत होतंच. एका वाक्यात दोन्ही कामं झाली.

संघ बस्वराजकडे गेला. नव्या जर्सी आल्या, तीन महिने बाहेरचा कोच आला, बदली खेळाडू वेळेवर, सराव आठवड्यातून पाचदा – मी ज्याच्यासाठी वह्या भरल्या, ते सगळं झालं. पुढच्या मोसमात अडतीस गोल खाल्ले. चौथ्या सामन्यात प्रकाशला मध्यंतराआधीच, सगळ्यांसमोर बाहेर काढलं. तो बाजूच्या रेषेवरून चालत आला, माझ्या दगडापाशी थांबला नाही, सरळ घरी गेला. त्यानंतर त्याने बूट घातले नाहीत.

चारेक वर्षांनी एका दसऱ्याला तो कलबुर्गीहून घरी आला होता, नोकरी लागून वर्ष झालं होतं. जेवताना कशावरून तरी अप्पांची गोष्ट निघाली.

"अप्पा दर मॅचच्या आधी मला बाजूला घ्यायचे," तो म्हणाला. "म्हणायचे, चुकलास तरी अठ्ठ्याहत्तर मिनटं तुला काढत न्हाई. भ्यायचं न्हाई. खेळ."

"अठ्ठ्याहत्तरच कामून?" बायकोने विचारलं.

"कुणास ठाऊक. पप्पा दगडावर बसून मिनटं मोजायचे म्हणून असल." तो हसला. "दे की अजून एक पोळी."

मी खाली मान घालून जेवत राहिलो. सगळ्या मोसमभर मी ज्या आकड्याने त्या माणसाला मोजत होतो, त्या आकड्यात माझं पोर ठेवलेलं होतं.

मग सांगितलं का नाही? अप्पांना, कमिटीला, कुणालाही? अप्पा गावी परतले होते; काटा बंद करून कोहिनूरला जायला तासभरही लागत नाही. मी एकदाही गेलो नाही. दुपारी केबिनमध्ये डोळा लागला की मला ते मैदान दिसतं. धूळ खाली बसत नाही. चेंडू डावीकडून येतो, अगदी सावकाश. आणि गोलपोस्टमध्ये कुणीच उभं नसतं.

गेल्या माघात अप्पा स्वतः आले, तुरीचा ट्रॅक्टर घेऊन. केस पांढरे, चाल तीच. भरलेली गाडी तोलली, तूर पलीकडच्या आडत्याकडे उतरवून रिकामी पुन्हा चढली. मधल्या वेळात ते माझ्या केबिनच्या दारात बाकावर बसले होते. आम्ही दोघंच. ऊन सरत होतं. हीच वेळ आहे, असं मी मनात म्हणालो. सांगितलंही असतं.

"नरसिंग कसाय?" एवढंच तोंडातून आलं.

"एका बिल्डिंगीत वॉचमन हाय. दोन लेकरं. संक्रांतीला फोन करतंय." मग, "पक्या बरा हाय न्हवं?"

"बराय."

"मग झालं."

रिकाम्या गाडीचे आकडे थांबले. मी वजाबाकी केली, वजन सांगितलं. एक हजार आठशे वीस किलो. त्यांनी मान डोलावली. मी म्हणालो, काट्याचे पैसे राहू द्या, अप्पा.

"कामून? काटा फुकट चालायलाय व्हय?"

त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून वीस वीसच्या तीन नोटा काढल्या, सरळ केल्या आणि काउंटरवर ठेवल्या. मी त्या उचलून गल्ल्यात टाकल्या.

साठ रुपये. देणारे गुंडप्पा मास्तर, घेणारा मी.